‘हाव सिस्टर’ म्हणजे समजलं असं नाही: नागपुरात क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट होऊ पाहणाऱ्यांसाठी

भंडारा जिल्ह्यातल्या एका आजोबांची गोष्ट आधी सांगते, कारण हे काम मला तिथे कळलं. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, नाकातून राईल्स ट्यूब, म्हणजे थेट पोटात अन्न पोचवणारी नळी. दवाखान्यातून सुट्टी मिळण्याच्या दिवशी आम्ही सुनेला दहा मिनिटांत सगळं समजावलं: बसवून द्या, सिरिंजने हळू द्या, पातळ द्या. प्रत्येक वाक्याला ती म्हणाली, ‘हाव सिस्टर.’ चौथ्या दिवशी आजोबा परत आले. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, नळी पूर्ण बंद. नळी काढली तर टोकाशी मोहऱ्या आणि जिऱ्याचे दाणे अडकलेले.

सुनेने आमचं अक्षरशः ऐकलं होतं. पातळ म्हटल्यावर तिने पातळ वरण दिलं, आणि सासऱ्यांना आवडतं म्हणून फोडणी घालून दिलं. तिची चूक नव्हती. ‘गाळून’ हा एक शब्द आम्ही सांगितला नव्हता.

नवी नळी टाकून, सलाईन लावून त्यांना परत पाठवलं की वॉर्डातल्या सिस्टरचं काम झालं. स्पेशालिस्टचं काम तिथे सुरू होतं. या महिन्यात नळी बंद पडून किती जण परत आले? त्यांना कुणी शिकवलं, कधी, कोणत्या शब्दांत? पुढच्या पेशंटच्या बाबतीत हे होऊ नये म्हणून वॉर्डात नेमकं काय बदलायचं? एका खाटेवर दिसलेली चूक सगळ्या खाटांवरून घालवणं, मी या पदाचा अर्थ एवढाच लावते. बाकीचं सगळं त्याच्या तयारीसाठी.

हे पद काय आहे, काय नाही

अमेरिकेत १९५४ साली हिल्डेगार्ड पेप्लाउ यांनी रटगर्स विद्यापीठात मानसोपचार परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तिथून क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट ही कल्पना रुजली. एका विषयात खोलवर शिकलेली नर्स, जी थेट पेशंटही बघते, इतर नर्सेसना तयार करते आणि हॉस्पिटलची पद्धतही सुधारते.

आपल्याकडे या नावाचं वेगळं लायसन्स नाही. सरकारी दवाखान्यात तुम्हाला अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही पदं दिसतील. एम्ससारख्या केंद्रीय संस्थेत नर्सिंग ऑफिसर. खासगी हॉस्पिटलात हेच काम इन्फेक्शन कंट्रोल नर्स, स्टोमा नर्स (मल-मूत्रासाठी पोटावर केलेल्या मार्गाची काळजी घेणारी), डायबेटिस एज्युकेटर, ऑन्को नर्स (कॅन्सरची), ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर अशा नावांनी चालतं. म्हणून जाहिरातीत फक्त ‘क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट’ शोधत बसू नका, कामाचं वर्णन वाचा.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्की असू द्या. स्पेशालिस्ट झालात तरी औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. ड्रेसिंग कोणतं वापरायचं, कॅथेटर (लघवीची नळी) कधी काढायचा असे निर्णय तुम्हाला घ्यायचे असतील, तर त्यासाठी डॉक्टरांनी आणि प्रशासनाने सही केलेला लेखी प्रोटोकॉल हवा. तोंडी विश्वासावर चालू नका, समोरचे सर कितीही चांगले असोत.

कागदपत्रं

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवीच. नागपुरात मध्य प्रदेश, छत्तीसगड, केरळमधून शिकून आलेल्या मुली खूप असतात. त्यांनी आपल्या राज्याच्या कौन्सिलकडून ना हरकत घेऊन इथली नोंदणी आधी करावी. या एका कागदापायी नोकरीची ऑफर अडकलेली मी पाहिली आहे. राष्ट्रीय नोंदणी प्रणालीचा एनयूआयडी, म्हणजे नर्सचा स्वतंत्र ओळख क्रमांकही काढून ठेवा.

पुढचे रस्ते मुख्यतः तीन. एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं. त्यासाठी बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला किमान ५५ टक्के आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. मेडिकल सर्जिकल, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, मानसोपचार, कम्युनिटी यांतून शाखा घ्यायची. दुसरा, भारतीय परिचर्या परिषदेने आखलेले एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा: क्रिटिकल केअर, ऑन्कॉलॉजी, निओनेटल, इमर्जन्सी वगैरे. जीएनएम झालेल्यांनाही हा रस्ता खुला आहे आणि माझ्या मते तो फार कमी लेखला जातो, कारण त्यातलं बहुतेक शिक्षण वॉर्डातच होतं. तिसरा, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम. आयसीयूतच आयुष्य काढायचं ठरलं असेल तर हा बघा.

नवीन पदवी मिळाली की ती कौन्सिलमध्ये जादा पात्रता म्हणून नोंदवून घ्या. नूतनीकरणासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असतानाही चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे, तास लागतात. प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी फाइलला लावायची सवय ठेवा, नंतर आयोजकांना शोधत फिरणं फार त्रासाचं होतं.

विषय निवडताना आपल्या पेशंटकडे पाहा

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणीने काय निवडलं यावरून विषय ठरवू नका. आपल्या मेडिकल, मेयो या सरकारी हॉस्पिटलांच्या ओपीडीबाहेर एक सकाळ बसा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, तिकडून बालाघाट, शिवनी, छिंदवाडा, राजनांदगाव. एवढा मोठा मुलूख उपचारासाठी नागपूरला येतो, आणि तो कोणते आजार घेऊन येतो ते डोळ्यांनी दिसतं.

पहिला आजार खर्र्याचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून घेतात, अगदी शाळेतली मुलंसुद्धा. आधी तोंड उघडायचं कमी होतं. साधी तपासणी आहे: पेशंटला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. दोनच जात असतील तर त्याला त्याच दिवशी तोंडाच्या डॉक्टरांकडे पाठवा. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट यांमुळे ऑन्को नर्सिंगसाठी नागपूर ही चांगली जागा आहे. ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला केलेलं छिद्र), ट्यूब फीडिंग, रेडिएशननंतर तोंडाची काळजी, फ्लॅपवर (ऑपरेशनच्या जागी बसवलेल्या मांस-त्वचेवर) नजर ठेवणं, शिकायला अपार आहे. स्टोमाकडे वळायचं असेल तर मुंबईच्या टाटा मेमोरियलमधलं स्टोमा थेरपीचं शिक्षण प्रसिद्ध आहे.

दुसरा सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक रक्ताचा आजार. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, पण विदर्भातल्या सिस्टरांना हा आजार त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा आहे. या विषयात मन घालणाऱ्या नर्सेसची इथे अतिशय गरज आहे.

एका रात्रीचं सांगते. गडचिरोलीकडचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, पाय आणि पाठ दुखते म्हणून आला. खाटेवर भिंतीकडे तोंड करून मोबाईल बघत पडलेला. ड्युटीवरच्या नव्या मुलीने मला हळूच सांगितलं, ‘मॅडम, याला एवढं दुखत असेल असं वाटत नाही.’ मी त्याच्याजवळ बसले. मोबाईलवर काहीच चालू नव्हतं, स्क्रीन काळी होती. दुसऱ्या हाताने त्याने खाटेची लोखंडी पट्टी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. शून्य ते दहामध्ये किती दुखतं विचारलं, तर म्हणाला, ‘नऊ.’ आवाज अगदी शांत. लहानपणापासून दुखणं सोसलेली मुलं रडत नाहीत.

अशा पेशंटला दाखल झाल्यापासून तासाभरात वेदनाशामकाची पहिली मात्रा मिळावी, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या कॅज्युअल्टीत तो वेळ प्रत्यक्षात किती लागतो, हे मोजणं सिकलसेल स्पेशालिस्टचं पहिलं काम ठरू शकतं. सोबत छातीत दुखणं, ताप, दम लागणं यांवर डोळा ठेवायचा, कारण फुप्फुसाची गुंतागुंत झपाट्याने वाढते. लहान मुलांत आईला पोटात डावीकडे असलेली प्लीहा चाचपायला शिकवायची: पोट डाव्या बाजूला अचानक वाढलं आणि मूल पांढरं पडलं तर सकाळची वाट न बघता निघायचं. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर रक्ततपासणीच्या तारखा चुकू द्यायच्या नाहीत.

मानसोपचार, नवजात शिशू, डायलिसिस हे विषयही इथे आहेतच. पण जो पेशंट समोर आल्यावर तुम्हाला घरी गेल्यावरही आठवत राहतो, तोच विषय धरा.

खाटेजवळची वर्षं

एम.एस्सी. झाली आणि लगेच स्पेशालिस्ट, असं शक्यतो करू नका. आपल्या विषयाच्या वॉर्डात किमान तीन वर्षं मॉर्निंग, इव्हनिंग, नाईट तिन्ही ड्युट्या करा. नाईट तर कराच. रात्री दोन वाजता एकाच सिस्टरवर पूर्ण वॉर्ड असताना कोणती गोष्ट सुटते, हे ज्याने अनुभवलं नाही त्याने बनवलेला प्रोटोकॉल वॉर्डात टिकत नाही.

या काळात एक वही ठेवा. पेशंटचं नाव लिहायचं नाही. फक्त काय घडलं, तेव्हा मला काय वाटलं, नंतर काय निघालं. माझ्या जुन्या वहीत ‘बीपी ठीक, पण पेशंट नेहमीसारखा बोलत नाही’ अशी एक नोंद आहे. तो सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून जिवावर बेतण्याच्या अवस्थेत, जात होता. श्वासांची गती मी मोजलीच नव्हती, अंदाजाने वीस लिहिली होती. तेव्हापासून मी पूर्ण एक मिनिट मोजते आणि शिकाऊ मुलींकडूनही मोजून घेते.

पहिले तीन महिने

पद मिळाल्यावर पहिल्या महिन्यात काहीही बदलू नका. राउंडला उभ्या राहा, हँडओव्हर ऐका, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर काय असतं आणि काय संपलेलं असतं ते बघा. इन्चार्ज सिस्टरांना विचारा, ‘तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ आणि त्यांचं उत्तर लिहून घ्या. तुमचं पहिलं काम त्यातूनच निवडा. पंधरा-वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईंना बाहेरून आलेली एम.एस्सी.वाली मुलगी शिकवायला लागली की काय होतं, ते सांगायला नको. पण त्यांचाच त्रास कमी करायला ती उभी राहिली, तर त्याच बाई तिच्यामागे ठाम उभ्या राहतात.

वॉर्डात मदतीला असणाऱ्या मावशी आणि मामांना विसरू नका. पेशंटला कूस बदलून देताना, बेडपॅन देताना पाठीवरचा पहिला लालसर डाग बहुतेक वेळा त्यांनाच दिसतो. तो दिसला की कुणाला सांगायचं, हे त्यांना ठरवून द्या.

डॉक्टरांशी बोलताना क्रम ठेवा: आत्ता काय झालंय, पेशंट कशाचा आहे, मला काय आढळलं, मला तुमच्याकडून काय हवंय. ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ यावर कुणी झोपेतून उठून येत नाही. ‘श्वास ३२, ऑक्सिजन ८८, तासाभरात दम वाढलाय, आपण आत्ता येऊन बघावं’ यावर येतात.

नातेवाइकांना शिकवणं

आमच्या मोहरीच्या प्रसंगानंतर आम्ही सुट्टीच्या दिवशी शिकवणं बंद केलं. सुट्टीच्या दिवशी नातेवाइकाचं लक्ष बिलावर, गाडीवर आणि औषधांच्या पिशवीवर असतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवसापासून सुरुवात करा.

पहिल्या दिवशी ते फक्त बघतात. दुसऱ्या दिवशी तुमच्या हाताखाली करतात. तिसऱ्या दिवशी ते करतात आणि तुम्ही हात मागे बांधून उभं राहायचं. हे अवघड जातं, हात आपोआप पुढे येतो. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारूच नका, आपल्याकडे त्याचं उत्तर ‘हाव’ हेच येतं. ‘आता मला करून दाखवा’ म्हणा.

ट्यूब फीडिंगमध्ये हे सगळं त्यांच्या हातून झालेलं दिसलं पाहिजे: नाकापाशी नळीवरची खूण जागेवर आहे का ते बघणं, पेशंटला अर्धवट बसवणं, म्हणजे डोकं ३० ते ४५ अंश वर, आधी ३० मिली पाणी, मग चहाच्या गाळणीतून गाळलेलं, फोडणी नसलेलं, कोमट अन्न, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू देत, शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं न करणं. गोळ्या बारीक कुटून, पाण्यात विरघळवून, एकेक वेगळी. पण कोणत्या गोळ्या कुटायच्या नाहीत, ते औषधाच्या पाकिटावर मार्करने फुली मारून द्या. खोकला आला, चेहरा निळसर झाला किंवा नळीची खूण बाहेर सरकलेली दिसली की थांबायचं आणि फोन करायचा. घरी नळी स्वतः परत आत ढकलायची नाही, हे दोनदा सांगा.

वॉर्डातल्या मुलींनाही एक जुनी सवय सोडायला लावा. पोटावर स्टेथो ठेवून हवा सोडली, आवाज आला, म्हणजे नळी पोटातच आहे, असं खात्रीने म्हणता येत नाही. नवी नळी टाकल्यावर ओढलेल्या द्रावाचा पीएच ५.५ किंवा त्याहून कमी आहे का ते पाहावं, शंका असेल तर एक्स-रे.

भाषेचं मात्र मनावर घ्या. ‘द्रव आहार’ कुणालाच कळत नाही. वऱ्हाडीत, हिंदीत, जमेल तसं बोला. गोंडी बोलणाऱ्या आजीसाठी वॉर्डातला दुसरा नातेवाईक बोलावून घ्या. एमएल ऐवजी घरातली वाटी आणा म्हणावं, ती एकदा मोजून तिच्यावर रेघ मारून द्यावी.

पेशंट घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करा. ‘कसं चाललंय?’ विचारलं तर ‘चांगलं’ म्हणतील. ‘काल रात्री शेवटचं काय दिलं, किती वाजता?’ असं विचारा.

मोजल्याशिवाय कुणी ऐकत नाही

प्रशासनापुढे ‘इन्फेक्शन वाढलंय’ म्हणून चालत नाही. कॅथेटरचं इन्फेक्शन दर १००० कॅथेटर-दिवसांमागे मोजतात. रोज एका ठरलेल्या वेळी किती पेशंटना कॅथेटर आहे ते मोजा, महिन्याची बेरीज करा. समजा बेरीज १५०० आली आणि इन्फेक्शन ६, तर दर ४. बेडसोअरचा (पडून राहून होणाऱ्या जखमांचा) धोका मोजायला ब्रेडन स्केल आहे, ६ ते २३ गुणांचं. गुण जितके कमी तितका धोका जास्त, १८ किंवा त्याखाली आला की पेशंट धोक्यात धरायचा. स्केल भरून फाइलला लावणं पुरेसं नाही. गुण कमी आलेल्या पेशंटची कूस खरंच बदलली का, हे दुपारी तीन वाजता अचानक जाऊन बघा.

आकडे वाईट आले तर लपवू नका आणि कुणा एका सिस्टरच्या नावावरही टाकू नका. एकदा जरी तसं केलंत, तर पुढे वॉर्डातून खरी माहिती येणं बंद होईल.

उन्हाळ्याची तयारी होळीला

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. तुमचा विषय कोणताही असो, त्या दिवसांत हात लावावा लागेल. शरीराचं तापमान ४० च्या वर आणि पेशंट बरळतोय किंवा बेशुद्ध, म्हणजे उष्माघात समजून आधी थंड करायला घ्या: ओली चादर आणि पंखा, मान, काख आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, सोय असेल तर थंड पाण्याचा टब. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. काखेतलं तापमान फसवतं, गुदद्वारातून मोजा, आणि ३९ च्या आसपास आल्यावर थंड करणं थांबवा. बर्फ कुठून येणार, पंखे चालू आहेत का, तसा थर्मामीटर आहे का, हे होळीच्या आठवड्यातच बघून ठेवा.

पद स्वीकारण्याआधी

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. मी कुणाला उत्तर देणार, अधिसेविकांना की विभागप्रमुखांना? आठवड्यातले किती तास स्पेशालिस्टच्या कामासाठी राखीव? सिस्टर कमी पडल्या की मला रोज वॉर्ड ड्युटीवर लावणार का? माझ्या पहिल्या अशा नोकरीत हे विचारलंच नाही. नाव स्पेशालिस्टचं आणि आठ महिने नुसती रजेवर गेलेल्यांची जागा भरत होते. शिकवण्याचं एकही सत्र झालं नाही, एकही आकडा गोळा झाला नाही, आणि वर्षअखेरीस ‘तुमच्या पदाचा उपयोग काय’ असं मलाच विचारलं गेलं.

तास, जबाबदारी आणि कुणाला रिपोर्ट करायचं, हे तिन्ही नेमणूकपत्रात लिहून घ्या. ते पत्र हातात आल्यावरच जुन्या ठिकाणी राजीनामा द्या.